रविवारची गर्दी आणि बेडशाची भाकरी

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतील मंडळाने सहल काढली होती. लोणावळा आणि कार्ले लेणी. माणशी सहाशे रुपये, लहान मुलांना निम्मे. बस पिंपरीहून सहाला निघणार होती ती आठला निघाली, हे वाचकांना सांगायला नकोच. वडगाव मागे पडले आणि गाड्यांची रांग लागली. अकरा वाजले, बारा वाजले. बायका खाली उतरून बसच्या पुढे चालत जात, पुन्हा मागे येत. कार्ल्याच्या पायऱ्या चढायला लागलो तेव्हा तीन वाजत आले होते. एकवीरेच्या दर्शनाला आलेल्यांची रांग, नारळ-हारांची दुकाने, ढोल, मोबाइलवर फोटो काढणारी पोरे, असे करीत लेण्याच्या दारात पोचलो. आत पाव तासही मिळाला नाही. ज्यांच्या श्रद्धेचे ठिकाण तेथे आहे त्यांनी यावे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण आमच्या मुलांनी त्या दिवशी लेणे पाहिले असे मी म्हणणार नाही. त्यांनी पुढच्या माणसाची पाठ पाहिली.

परतीच्या वाटेवर मुले भुकेने रडू लागली, म्हणून महामार्गावरच्या एका मोठ्या हॉटेलात बस थांबवली. दारावर पाटी होती, ‘अस्सल गावरान, चुलीवरचे जेवण’. दाराशी चूलही मांडलेली होती, वर मडके ठेवलेले. चुलीत राख नव्हती. भाकऱ्या आतून गॅसवरच्या तव्यावरून येत होत्या, आणि टेबलावर येईपर्यंत वातड होत होत्या. भाजी कोणती आहे हे लाल तवंगाखाली कळत नव्हते. आमच्या घरच्या आठ माणसांचे बिल दोन हजार सहाशे चाळीस रुपये झाले. मी कारकून माणूस, बिले टाकून देत नाही. ते अजून माझ्या फायलीत आहे. आमच्या मागच्या ओळीत एक बांधकामावरचा बंधू बायको आणि तीन मुलांना घेऊन बसला होता. त्याने मुलांपुरते मागवले आणि स्वतः ‘मला भूक नाही’ म्हणाला.

आता कोणी म्हणेल, मग रविवारी कशाला जाता? मधल्या वारी जावे, ठिकाणे मोकळी असतात. सल्ला बरोबर आहे. पण ज्यांची एक दिवसाची गैरहजेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी जाते, ज्या भगिनी चार घरची धुणीभांडी करतात आणि महिन्यात दोन सुट्ट्या मिळवण्यासाठी भांडतात, त्यांना हा सल्ला देणाऱ्याने आधी त्यांची पगाराची वही पाहावी. आपल्या लोकांना रविवारच मिळतो. म्हणून रविवार हातात धरूनच गर्दी कशी टाळायची, हा आपला प्रश्न आहे.

आणि हा केवळ गैरसोयीचा प्रश्न राहिलेला नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या भाराने कोसळला, चार जणांचे प्राण गेले. दोन्ही दिवस रविवारच होते. एका ठिकाणी हजारो माणसे जमली की कोणी कोणाला आवरू शकत नाही. ‘सगळे उभे आहेत म्हणजे धोका नसेल’ असे प्रत्येकाला वाटते. आपल्या मंडळांनी पावसाळी सहली पाण्याकडे नेऊच नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. यावरून मंडळाच्या बैठकीत माझे वाजले, तरी ते मी मागे घेतलेले नाही.

तर जानेवारीत, पोरांचे सामाईक परीक्षांचे सत्र सुरू होण्याआधी, आम्ही घरचीच सहा माणसे पुन्हा त्याच बाजूला गेलो. तोही रविवारच होता. बस नाही, पुणे–लोणावळा लोकल. माणशी वीस रुपयांच्या आत तिकीट. पहिल्या गाड्यांपैकी एक धरली तर बसायलाही जागा मिळते. देहूरोड आले तशी आईने खिडकीतून हात जोडले. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी याच ठिकाणी आपल्या हाताने बुद्धमूर्तीची स्थापना केली. ती मूर्ती रंगूनहून आणलेली. डिसेंबरातल्या त्या दिवशी तेथे पाय ठेवायला जागा नसते, आणि तेव्हा जायलाच हवे. पण ज्यांना विहारात घटकाभर शांत बसायचे आहे त्यांनी एखाद्या साध्या रविवारी सकाळी उतरावे. स्टेशनापासून चालत जाता येते.

आम्ही उतरलो कामशेतला. मळवली हे पुढचे स्टेशन, तेथून भाजे आणि कार्ले. कामशेतहून पवनानगरच्या रस्त्याने आठ-दहा किलोमीटरवर बेडसे लेणी आहेत. सहा जणांत एक रिक्षा आणि थोडी विनवणी, असे काम झाले. पायथ्यापासून चारशेच्या आसपास पायऱ्या आहेत. आई त्र्याहत्तर वर्षांची. तिला वाटेत पाच ठिकाणी बसवले, पण ती चढली. वर पोचलो तेव्हा साडेआठ झाले होते आणि लेण्याच्या आवारात आमच्याशिवाय दोन कुत्री होती.

या लेण्याचे तोंड पूर्वेला आहे, त्यामुळे सकाळी जावे. समोरून पाहिले तर काहीच दिसत नाही. पुढचा कातळ कोरणाऱ्यांनी तसाच ठेवलेला आहे आणि त्यातून एक अरुंद बोळ आत जातो. बोळ संपला की एकदम उंच खांब पुढे येतात. माथ्यावर घोडे, हत्ती, बैल आणि त्यांवर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी. ऊन तिरपे येते आणि त्या बायकांच्या बांगड्या मोजता येतात. धाकटीने खरोखर मोजल्या. आत चैत्यगृहात स्तूप. छताला पूर्वी लाकडी फासळ्या होत्या, त्या आता नाहीत. भाजे आणि कार्ल्याला मात्र अजून शिल्लक आहेत. शेजारी विहार आहे, त्याची मागची बाजू गोल आणि छप्पर कमानीसारखे. असा विहार सहसा कोठे पाहायला मिळत नाही. चैत्यात आम्ही त्रिसरण-पंचशील म्हटले. आवाज घुमून परत आला तेव्हा आई दचकली, मग हसली.

मुलांना एवढेच सांगितले की हे कोणा एका राजाने बांधलेले नाही. बेडशाच्या लेखात नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुष्यनक याच्या दानाचा उल्लेख आहे. कार्ल्याला धेनुकाकट गावचा सिंहदत्त हा अत्तर विकणारा आणि सामी नावाचा सुतार यांची नावे कोरलेली आहेत. वर्गणी काढून उभी राहिलेली कामे आहेत ही, आपल्या विहारासारखी. बाहेरच्या एका लहान स्तूपाच्या लेखात गोभूती नावाच्या भिक्खूचे नाव आहे, अरण्यात राहणारा आणि पिंडपातावर जगणारा. म्हणजे भिक्षापात्रात जे पडेल ते खाणारा. मोठा मुलगा म्हणाला, “पप्पा, त्याला कोणी जात नसेल विचारली?” मी म्हटले, पुढे बोलू. खरे म्हणजे माझ्याकडे त्या वेळी उत्तर नव्हते.

आता जेवणाकडे येतो, कारण हा लेख लिहायला बसलो तो त्यासाठीच.

सकाळी रिक्षावाल्याला विचारले होते की येथे जेवायची सोय काय. तो म्हणाला, पुढे धरणाकडे हॉटेले आहेत, पण आधी सांगितले तर गावात माझी वहिनी करून घालते. माणशी एकशे वीस ठरले. त्याने फोन लावून दिला. पलीकडून वहिनी म्हणाली, “पनीर आणू का कामशेतातनं? शहरातली मानसं पनीर मागत्यात.” मी म्हटले, ताई, तुम्ही आज घरी काय करणार आहात? ती जरा घोटाळली. मग म्हणाली, “आमचं काय, सुकट हाय, हरभऱ्याचा पाला हाय. त्ये तुमाला चालंल व्हय?”

सुकट म्हटल्यावर तिला जी लाज वाटली ती मी ओळखली, कारण ती आमच्या घरातही आहे. आमची मुले शाळेच्या डब्यात सुकट नेत नाहीत. महाराष्ट्रीय थाळी म्हणून हॉटेलांत जे मिळते त्यात आळूवडी असते, मसालेभात असतो, पुरणपोळी असते. तुमच्या-आमच्या आज्या जे रांधीत होत्या त्यातले काय असते? शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ साली आलेल्या पुस्तकात मराठवाड्यातील आपल्या लोकांच्या खाण्यापिण्याची नोंद केली, तेव्हा कित्येकांना पहिल्यांदा कळले की हेही लिहिण्यासारखे आहे. स्थानिक अन्न शोधायचे म्हणजे पाटी वाचायची नाही. ज्याच्या गावी गेलो त्याच्या चुलीवर आज काय आहे ते विचारायचे. बहुतेक वेळा ते स्वस्तही असते.

मावळात विचारल्यावर काय निघते ते सांगतो. भात तर इंद्रायणीचा. हे वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहोर आणि आय.आर.-८ यांच्या संकरातून तयार झाले आणि १९८७ साली शेतकऱ्यांना मिळाले. म्हणजे ज्याला आपण पिढ्यान्‌पिढ्यांचा तांदूळ समजतो तो माझ्यापेक्षाही लहान आहे. भाकरी तांदळाची, कधी नाचणीची. पहिल्या पावसानंतर टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी अशा रानभाज्या आणि ओढ्यातले खेकडे. हिवाळ्यात भात निघाल्यावर त्याच खाचरात हरभरा, त्याचा कोवळा पाला. यातले काही महामार्गावर मिळत नाही, आणि मिळालेच तर त्याला वेगळे नाव आणि तिप्पट भाव असतो. ज्यांना एवढी खटपट नको त्यांनी बाजारपेठेतल्या खानावळीत बसावे. जेथे हमाल आणि रिक्षावाले जेवतात तेथे भाकरी ताजी असते, कारण त्यांना शिळे घालून कोणी दुसऱ्या दिवशी धंदा करू शकत नाही.

पण वाचकहो, घरगुती जेवणाचा हा सल्ला जे लोक मासिकांतून देतात ते एक गोष्ट लिहीत नाहीत. त्यांना ती लिहायची वेळ येत नाही. महामार्गावरच्या हॉटेलाला मी वरती नावे ठेवली, पण त्याचा एक गुण आहे. तेथे आडनाव कोणी विचारीत नाही. पैसे मोजा, खा, चालू लागा. गर्दीत आपण कोण हे कोणाला कळत नाही. गर्दी सोडून गावात शिरलो की दुसऱ्या वाक्याला प्रश्न येतो.

दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका तालुक्यात, गावाचे नाव लिहीत नाही, आम्ही असेच जेवण सांगितले होते. आडनाव विचारले गेले, मी सांगितले. जरा वेळाने आतून निरोप आला, ‘भाकरी संपली’. टोपल्यात भाकऱ्यांची चळत दिसत होती. आम्ही काही न बोलता उठलो. पुढे फाट्यावर वडापाव खाल्ला. तेव्हापासून आई कोठेही निघाली की गाठोडे बांधते. बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, पाण्याची बाटली. ती सवय तिला त्या दिवसाने लागली नाही, परत लागली. तिच्या लहानपणी करमाळ्याकडे बाजारच्या गावी चहाची कपबशी बाहेर वळचणीला ठेवलेली असायची, आपणच घ्यायची, आपणच धुवायची. तिचे वडील म्हणत, तहान लागली तर घरी येऊन पी.

तर बेडशाला साडेबाराला खाली उतरलो. घर साधेच, पुढे पडवी. वहिनी चुलीपुढे भाकरी थापीत होती, चूल खरी होती. आई पडवीच्या कडेला गाठोडे मांडीवर घेऊन बसली. आम्ही हातपाय धुतले. आणि भाकरी थापता थापता तिने विचारलेच, “पाव्हणं, आडनाव काय म्हनायचं?”

मी वीस वर्षे कार्यालयात बसतो. संघटनेच्या सभांत भाषणे करतो. टेबलावर नावाची पाटी आहे. तरी माझ्या तोंडून निघाले, “आम्ही पिंपरीचे.” आईने गाठोड्याची गाठ घट्ट धरली ती मला दिसली. धाकटी सातवीत आहे. तिने आमचे आडनाव सांगितले आणि पुढे म्हणाली, “आम्ही बौद्ध आहोत. वरती वंदना म्हणायला आलो होतो.”

वहिनी म्हणाली, “आसं व्हय.” आणि भाकरी तव्यावर टाकली.

त्यानंतर थोडा वेळ कोणी बोलले नाही. तिच्या मनात काय आले ते मला ठाऊक नाही, आणि मी तिला थोर करून सांगणार नाही. भाकरी फुगली. तिने ती काढून दुसरी टाकली, मग उठून फळीवरची ताटे घेतली. तीच ताटे, ज्यांत तिची मुले जेवत असावीत. एकावर खाली तिच्या सासऱ्याचे नाव कोरलेले होते. मग आईकडे वळून म्हणाली, “आजी, तितं वारं लागतंय. आत या चुलीपाशी.” आई उठली नाही. मी म्हटले, आई, जा. तेव्हा ती गेली, गाठोड्यासकट.

सुकटीचे कालवण झणझणीत होते. हरभऱ्याचा पाला लसूण घालून नुसता परतलेला. माझ्या पत्नीने तीन भाकऱ्या खाल्ल्या, ती घरी दीड खाते. आत आईने गाठोडे सोडल्याचे मला नंतर कळले. तिची शेंगदाण्याची चटणी त्या घरच्या पोरांनी संपवली. सोलापूरकडची चटणी कुटताना तेल सुटेपर्यंत कुटतात, मावळात तशी करीत नाहीत. वहिनी विचारीत होती, “कुटून कुटून किती येळ?” आणि आई आपला दंड दाखवून सांगत होती, “हितं दुखंस्तवर.” जेवण झाल्यावर आई आपले ताट धुवायला मोरीकडे निघाली. वहिनीने ते हातातून काढून घेतले. एकदा नाही, दोनदा, कारण आईने पहिल्यांदा सोडले नाही.

पैसे देताना सातशे वीस झाले. आईच्या भाकरीचे कापून घ्या म्हणून वहिनी वीस रुपये परत करू लागली. ते आम्ही घेतले नाहीत. येथे एक सांगून ठेवतो. गावात घरगुती जेवायला मिळाले म्हणजे पाहुणचार झाला असे समजून घासाघीस करणारे आपल्यातही आहेत. त्या बाईचा रविवार चुलीपुढे गेला. ठरलेले पैसे न मागता द्यावेत. आदल्या दिवशी सांगता आले तर फार चांगले, आणि चाळीस माणसे घेऊन अशा घरी जाऊ नये. चाळीस गेली की तेथेही उद्या चुलीवर रिकामे मडके आणि दारावर पाटी येईल.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी थोडे. कार्ले टाळा असे मी म्हणत नाही. एवढे मोठे चैत्यगृह आपल्या देशात दुसरे नाही. लेणी उघडण्याच्या वेळेला पहिल्यांदा आत जा आणि चैत्रातल्या यात्रेचे दिवस सोडा. भाजे पावसाळी रविवारी धबधब्यामुळे आणि लोहगड-विसापूरच्या गर्दीमुळे भरलेले असते, थंडीत मोकळे मिळते. लोकलला दुपारी गाड्या विरळ असतात, परतीची वेळ आधी पाहून ठेवावी. नाही तर फलाटावर तास-दोन तास जातात, आमचे गेले. अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी, हे न पाहता मंडळाची बस घेऊन गेलेले लोक मला माहीत आहेत. त्या बाजूला गेलात तर विद्यापीठामागची लेणी पाहा. शहरात असूनही तेथे फारसे कोणी फिरकत नाही.

आडनावाच्या प्रश्नाचे काय करायचे, असे आमच्या महिला मंडळात मी हा सगळा प्रकार सांगितल्यावर एकीने विचारले. तिचे म्हणणे, कशाला ती जोखीम, आपण आपला डबा न्यावा आणि झाडाखाली खावा, अपमान तरी नाही. तिला चूक म्हणण्याचा मला अधिकार नाही. तिला जे सोसावे लागले ते मला लागलेले नाही. दुसरी म्हणाली, फोनवरच आधी सांगून टाकावे, आम्ही बौद्ध आहोत, इतकी माणसे आहोत, इतक्या वाजता येतो. ज्याला नको असेल तो तेव्हाच नाही म्हणेल, पोरांसमोर उठावे लागणार नाही. मला हे पटले. मी हे वीस वर्षांपूर्वीच करायला हवे होते.

फेब्रुवारीत मंडळाच्या बारा जणी बेडशाला जाणार आहेत, दोन खेपांत सहा-सहा. फोन धाकटीने लावला आणि तिनेच सगळे सांगितले. पलीकडून वहिनीने विचारले म्हणे, “त्या आजी येनार का? येनार आसतील तर सांगा, खलबत्ता घासून ठिवते.”